एकाच भोकातले आटे पुन्हा पुन्हा जात असतील तर : घरी गाडी बांधताना करायचे निदान आणि दुरुस्ती

बोल्ट आवळत असताना पान्यावरचा ताण वाढत जातो, आता आणखी पाव फेरा दिला की झाले असे वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो ताण एकाएकी नाहीसा होऊन पाना मोकळा फिरू लागतो. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बारीक तारेसारखे वेटोळे अडकलेले दिसते. ते वेटोळे म्हणजे भोकातले आटेच असतात. बोल्टाने ते मुळासकट उपटून सोबत आणलेले असतात. घराच्या आवारात, मोजक्या हत्यारांनिशी जुनी गाडी उघडून पुन्हा बांधायला घेतलेल्या प्रत्येकावर हा प्रसंग एकदा तरी येतो आणि त्याची पहिली दुरुस्ती बहुतेकांना करताही येते. मला लिहायचे आहे ते त्यापुढच्या अडचणीबद्दल. टॅप (भोकात आटे कापण्याचे हत्यार) मारला, इन्सर्ट (भोकात बसवायचे आट्यांचे तयार अस्तर) बसवला, तरी त्याच ठिकाणचे आटे काही महिन्यांत पुन्हा का जातात?

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी प्रीमियर पद्मिनी बांधत होतो, तेव्हा हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, पाण्याचा कोपरा (पाण्याच्या वाटेवरचा वळलेल्या नळीचा तुकडा) धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी एकाच बोल्टाचे आटे तीन वेळा गेले. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, त्यामुळे आटे जाण्याचा त्रास हेडमध्ये जास्त होतो हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी तिन्ही वेळा दोष अ‍ॅल्युमिनियमच्या मऊपणाला दिला. प्रत्यक्षात तिन्ही वेळांची कारणे वेगवेगळी निघाली आणि त्यांतल्या एकाचाही संबंध धातूच्या मऊपणाशी नव्हता. ती कारणे ज्या क्रमाने सापडली, त्याच क्रमाने येथे मांडतो, कारण तपासणीचाही तोच क्रम योग्य आहे असे माझे मत झाले आहे.

बोल्ट त्याच मापाचा आहे का?

फियाटच्या रचनेवरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीतले बोल्ट मेट्रिक मापाचे आहेत. परंतु चाळीस-पन्नास वर्षांत गाडी ज्या ज्या हातांखालून गेली, त्या प्रत्येकाने जवळच्या डब्यात जो बोल्ट सापडला तो बसवलेला असतो. आपल्याकडे कारागीर अजूनही सुताच्या भाषेत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या हिशेबाने अडीच सुताचा बोल्ट ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिमी जाडीचा असतो. एम८ बोल्ट ८ मिमीचा. दोघांच्या जाडीतला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि दोन्ही बोल्ट एकाच डब्यात वर्षानुवर्षे सुखाने नांदतात.

फरक असतो तो पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात. एम८च्या नेहमीच्या बोल्टाचा पिच १.२५ मिमी असतो, तर अडीच सुताच्या जाड आट्यांच्या बोल्टावर एका इंचात १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१ मिमी येतो. असा बोल्ट एम८च्या भोकात घातला, तर प्रत्येक फेऱ्याला सुमारे ०.१६ मिमीची तफावत साचत जाते आणि चार फेऱ्यांनंतर ती जवळजवळ अर्ध्या आट्याएवढी होते. म्हणजे बोल्टाच्या आट्याचा उंचवटा भोकातल्या आट्याच्या खाचेत बसण्याऐवजी त्याच्या माथ्यावर येऊन टेकतो. पहिले दोन-तीन फेरे तो बोटांनी जातो, म्हणून माणूस निश्चिंत होतो. मग तो जड जाऊ लागतो, म्हणून पाना लावला जातो. आणि पान्याच्या जोरावर पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये स्वतःचा नवा मार्ग कापत पुढे सरकतो. त्या दिवशी बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो. इंजिन काही वेळा तापून थंड झाले की उरलेसुरले आटे सुटतात.

माझ्या बाबतीत पहिल्या वेळी नेमके हेच झाले होते. एका दुकानातून मी ‘आठचे बोल्ट’ म्हणून जे घेतले, त्यांत दोन अडीच सुताचे निघाले. दुकानदाराने मुद्दाम दिले असे मी म्हणणार नाही, पण घरी येऊन ते मोजायला हवे होते. मोजणे अगदी सोपे आहे. पिच गेज असेल तर त्याची पाती बोल्टावर टेकवून उजेडाकडे धरावीत. जे पाते लावल्यावर मधून उजेड दिसत नाही, तो पिच खरा. गेज नसेल, तर व्हर्नियरने दहा आट्यांचे अंतर घ्यावे. एम८ला ते १२.५ मिमी भरते, अडीच सुताच्या बोल्टाला १४.१ मिमी. व्हर्नियरही नसेल, तर खात्रीचा नवा बोल्ट आणि संशयित बोल्ट यांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडात पाहावेत; पिच वेगळा असेल तर दोन-तीन आट्यांनंतर फट दिसू लागते.

मेट्रिक बोल्टांमध्येही ही गफलत होते. एम१०चा बोल्ट १.५ मिमी पिचचाही मिळतो आणि १.२५ मिमीचाही. मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात बोल्ट घ्यायला जाताना नुसते ‘दहाचा बोल्ट’ असे न सांगता पिच, लांबी आणि डोक्यावरचा ग्रेड (ताकदीचा आकडा) या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, आणि शक्य असेल तर ज्यात तो बसणार आहे तो चांगल्या आट्यांचा नट खिशात ठेवावा. जुनी जीप किंवा अ‍ॅम्बेसेडर बांधणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवे, कारण त्या गाड्यांचे मूळ बोल्टच इंचाच्या मापाचे आहेत आणि त्यांत नंतर मेट्रिक बोल्टांची भर पडलेली असते.

आमच्या इमारतीत गिरणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर काका राहतात. माझी दुसऱ्यांदाची फजिती पाहून ते खाली आले आणि पाना माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, “अरे, बोल्ट बोटांनी निदान पाच-सहा फेरे गेला पाहिजे. नाही गेला, तर पाना खाली ठेव आणि का जात नाही ते आधी बघ.” सुरुवात कशी करायची तेही त्यांनी दाखवले. बोल्ट भोकावर सरळ उभा धरून प्रथम उलटा फिरवायचा. आट्यांची दोन तोंडे एकमेकांवरून घसरतात तेव्हा बोल्ट किंचित खाली बसल्याचा हलका ‘टक्’ असा स्पर्श बोटांना जाणवतो. त्या ठिकाणापासून सुलटा फिरवू लागायचे. तेव्हापासून मी हेडवरचा एकही बोल्ट असे केल्याशिवाय लावलेला नाही, आणि वाकडा आटा चढण्याचा प्रकार माझ्याकडून पुन्हा घडलेला नाही.

लांबीचा हिशेब

दुसऱ्या वेळी मी योग्य पिचचा बोल्ट आणला, भोकात एम८चा टॅप फिरवून आटे साफ केले, आणि तरीही ते गेले. कारण बोल्ट २० मिमी लांबीचा होता. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या भागासाठी एकदा कागदावर मांडावा, म्हणून माझे आकडे देतो. कोपऱ्याच्या पाकळीची (बोल्ट जातो त्या सपाट कडेची) जाडी १२ मिमी, वॉशर १.६ मिमी, गॅस्केट (गळती रोखणारा मधला थर) साधारण १ मिमी. म्हणजे बोल्टाचे १४.६ मिमी बाहेरच खर्ची पडले आणि भोकाच्या आत गेले केवळ ५.४ मिमी. १.२५च्या पिचने ते जेमतेम चार आटे होतात.

पोलादात बोल्ट त्याच्या जाडीइतका आत गेला तरी पुरतो, बिडात दीडपट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दुपटीच्या आसपास जावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे माझ्या एम८ बोल्टाला सुमारे १६ मिमी हवे होते आणि मी त्याच्या एक तृतीयांशावर काम भागवू पाहत होतो. भोकाची खोली व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजली, तेव्हा आत १८ मिमीपर्यंत आटे असल्याचे दिसले. विजेरी लावून पाहिले तर वरचे चार-पाच आटे झिजून सपाट झाले होते आणि त्याखालचे सगळे आटे कारखान्यातून आले तसेच, न वापरलेले होते. गाडीच्या आधीच्या कारागिरांनीही बहुधा आखूडच बोल्ट लावले असावेत.

हे लक्षात आले असते तर मला कोणतीही मोठी दुरुस्ती करावी लागली नसती. ३० मिमीचा बोल्ट लावला असता तर १५.४ मिमी आत गेला असता, खालचे सशक्त आटे कामी आले असते आणि भोकाच्या तळाशी अडीच मिमी मोकळी जागाही राहिली असती. म्हणून टॅप हातात घेण्यापूर्वी भोकाची खोली मोजणे ही माझ्या मते सर्वांत किफायतशीर पायरी आहे. मात्र बोल्ट तळाला टेकणार नाही याची खात्री करावी, कारण तळाला टेकलेला बोल्ट पान्याला घट्ट लागतो पण भाग मुळीच दाबला जात नाही, आणि पाणी गळतच राहते.

तळाशी मोकळी जागा आहे म्हणून ती तेलाने, कूलंटने किंवा गाळाने भरलेली चालते असे नाही. एका बाजूने बंद असलेल्या भोकात द्रव साचला असेल, तर आत जाणारा बोल्ट त्यावर पिस्टनसारखा दाब देतो. टॉर्क पाना (ठरवलेला जोर लागताच खूण देणारा पाना) ‘झाले’ म्हणून खूण देतो, बोल्ट मात्र आवळलेला नसतो. आणि दाब फारच वाढला तर बिडाच्या ब्लॉकलाही चीर जाऊ शकते. भोक कार्ब क्लीनरने (कार्ब्युरेटर साफ करण्याच्या फवाऱ्याने) धुवावे, सिरिंजला बारीक नळी लावून तळचा द्रव ओढून घ्यावा, मग हवेने फुंकावे. फुंकताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण भोकातली घाण थेट तोंडावर येते.

इन्सर्ट बसवूनही आटे गेले, तेव्हा

तिसऱ्या वेळी मी हेलिकॉइल बसवले. हेलिकॉइल म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाची स्टेनलेस स्टीलची तार स्प्रिंगसारखी गुंडाळून केलेले आट्यांचे अस्तर. त्याची ताकद वादातीत आहे. व्यवस्थित बसवलेले हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षाही जास्त टिकते, कारण अ‍ॅल्युमिनियमवरचा भार मोठ्या व्यासावर वाटला जातो. माझे हेलिकॉइल मात्र बोल्टासोबत अख्खे बाहेर आले. त्याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे मी ८ मिमी लांबीचे, म्हणजे बोल्टाच्या जाडीइतकेच इन्सर्ट घेतले होते, जेथे १६ मिमीचे हवे होते. दुसरे म्हणजे मी भोक हातातल्या ड्रिलने मोठे केले, ते वरच्या बाजूला फाकले आणि टॅपचे आटे वरच्या भागात अर्धवटच पडले.

या कामात भोकाचा व्यास हाच सगळ्याचा पाया असतो. एम८च्या इन्सर्टसाठी ८.३ मिमीचे ड्रिल लागते, एम६साठी ६.३ मिमीचे आणि एम१० × १.५साठी १०.४ मिमीचे. त्यानंतर जो टॅप मारायचा तो इन्सर्टच्या पाकिटासोबत येणारा खास मापाचा टॅप असतो. त्याचा पिच तोच, पण व्यास मोठा. त्याच्या जागी ९ मिमीचा साधा टॅप चालवून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

ड्रिल सरळ जावे यासाठी मी आता एक साधी पद्धत वापरतो. पंधरा-वीस मिमी जाडीच्या लोखंडी तुकड्यात एखाद्या वर्कशॉपमधल्या उभ्या ड्रिल मशीनवर नेमके ८.३ मिमीचे भोक पाडून आणायचे, तो तुकडा हेडच्या सपाट पृष्ठभागावर शेजारच्या चांगल्या बोल्टाने बांधायचा आणि त्या भोकातून ड्रिल उतरवायचे. भोक आपोआप काटकोनात राहते. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी. हेडमध्ये पलीकडे पाण्याची पोकळी असते आणि मधली भिंत किती जाड आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मूळ भोकाच्या खोलीपलीकडे अर्धा मिमीसुद्धा जाऊ नये.

टॅप मारताना अ‍ॅल्युमिनियमसाठी रॉकेल हे उत्तम वंगण आहे. पोलादासाठी कटिंग ऑइल लागते, आणि बिडात टॅप कोरडाच मारला तरी चालतो, कारण बिडातले ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. टॅप अर्धा फेरा पुढे न्यावा आणि तितकाच मागे घ्यावा. मागे घेताना कीस तुटतो त्याचा बारीकसा झटका हँडलमधून तळहाताला जाणवतो. तो जाणवेपर्यंत पुढचा अर्धा फेरा देऊ नये. दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून त्याच्या खाचा ब्रशने साफ कराव्यात, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कीस टॅपला चिकटून बसतो आणि मग टॅप आटे कापण्याऐवजी ओरबाडत जातो. टॅप सरळ आहे की नाही हे पहिल्या दोन फेऱ्यांतच छोटा गुण्या दोन बाजूंनी लावून पाहावे. त्यानंतर तो सरळ करण्याचा प्रयत्न केला की टॅप तुटतो. तुटलेला टॅप साध्या ड्रिलला दाद देत नाही. त्यासाठी डाय आणि मोल्ड बनवणाऱ्या कारखान्यांत असलेल्या स्पार्क इरोजन मशीनचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हेड उतरवून न्यावे लागते.

इन्सर्ट भोकाच्या तोंडापासून पाव ते अर्धा पिच खाली राहावे. ते तोंडाशी समपातळीत राहिले, तर गॅस्केटचा भाग नीट टेकत नाही आणि वरचे वेटोळे बोल्टाबरोबर फिरू लागते. बसवण्यासाठी इन्सर्टच्या तळाला जी आडवी शेपटी असते, ती काम झाल्यावर सपाट पंचने एक ठोका देऊन तोडायची असते. तुटलेली शेपटी चिमट्याच्या टोकाला ग्रीस लावून बाहेर काढावी. जितकी इन्सर्ट बसवली तितक्या शेपट्या मोजून पाहाव्यात, विशेषतः जेथे भोक आरपार आहे तेथे. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या ड्रिलने) हलकी उतरण देणेही विसरू नये. ती नसेल तर बोल्ट आवळल्यावर पहिला आटा वर उचलला जातो आणि सपाट पृष्ठभागावर बारीक उंचवटा तयार होऊन तेथूनच गळती सुरू होते.

माझ्या भोकात आता दुसरे हेलिकॉइल बसण्यासारखी स्थिती उरली नव्हती. तेव्हा फिटर काकांच्या सूचनेवरून टर्नरकडून (लेथवर काम करणाऱ्याकडून) एक बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली पोकळ नळी, करून घेतला. बाहेरून एम१२, आतून एम८. येथे एक बारकावा आहे. बाहेरचे आटे एम१२च्या नेहमीच्या १.७५ पिचचे घेतले असते, तर आट्यांच्या तळापाशी बुशची भिंत जेमतेम १ मिमी राहिली असती, १.२५चा पिच घेतल्याने ती १.३ मिमीच्या आसपास राहिली. त्यासाठी भोक १०.८ मिमीचे केले. बुश जास्त ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे जागेवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवला, रात्रभर राहू दिला आणि दुसऱ्या दिवशी ३० मिमीच्या बोल्टाने कोपरा बांधला. बाजारात टाइमसर्टसारखे तयार भरीव बुशही मिळतात आणि वारंवार उघडाव्या लागणाऱ्या बोल्टासाठी मी तारेच्या इन्सर्टपेक्षा भरीव बुशच पसंत करीन. पण त्याचा संच महाग असतो आणि एका भोकासाठी टर्नरचा बुश पुरेसा होतो.

हात किती लावायचा?

८.८ ग्रेडच्या एम६ बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर आणि एम८ला २५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पोलादात चालतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा. २५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे पावणेतेरा किलोचा जोर, आणि एम६साठी तोच जोर पाच किलोच्या आसपास. भाजीच्या पिशवीएवढा हा जोर आहे. पाइप घालून पाना लांब करण्याची येथे कोणतीही गरज नसते.

तेल लावलेला बोल्ट हा वेगळा विषय आहे. आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. आट्यांना कॉपर ग्रीस लावले की घर्षण कमी होते आणि तोच टॉर्क बोल्टाला कितीतरी जास्त ताणतो. कोरड्या बोल्टासाठी दिलेला आकडा ग्रीस लावलेल्या बोल्टाला लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जाणे साहजिक आहे. मी ग्रीस लावतो, कारण मुंबईत ते लावलेच पाहिजे असे मला वाटते, पण टॉर्क त्या मानाने कमी ठेवतो.

मुंबईची हवा खारट आणि दमट आहे. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा आणि मीठ साचले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते, अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा असा बोल्ट जोर लावून काढला, तर तो आटे घेऊनच येतो. म्हणून काढतानाच काळजी घ्यावी. पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर थांबावे आणि सकाळी भोकाच्या भोवतालचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग हीट गनने तापवावा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोक बोल्टापेक्षा जास्त फुगते. मग बोल्ट पाव फेरा उलटा, पाव फेरा सुलटा असा हलवत काढावा. करकर आवाज येऊ लागला की थांबून पुन्हा तेल टाकावे.

गंजावर उपाय म्हणून अनेक जण सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट लावतात. मी ते इंजिनवर लावत नाही. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेस बोल्टाची ताण सोसण्याची मर्यादा ४५० मेगापास्कल असते, ८.८ ग्रेडच्या बोल्टाची ६४०. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, आणि हेलिकॉइल हेही स्टेनलेसच असते.

बोल्टाचे स्वतःचे आटे

भोक चांगले आणि बोल्ट खराब असेल, तर बोल्ट बदलावा. डाय (बोल्टावर आटे कापणारे हत्यार) फिरवून आटे नव्याने कापता येतात, पण कारखान्यात बोल्टाचे आटे दाबून वळलेले असतात आणि कापलेल्या आट्यांपेक्षा ते मजबूत असतात. ज्या स्टडला किंवा शाफ्टला पर्याय मिळत नाही, तेथेच दुरुस्ती करावी. त्यासाठी तिकोनी कानस उपयोगी पडते, कारण तिचा कोन ६० अंशांचा असतो आणि मेट्रिक आट्यांचा कोनही तितकाच असतो. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा असल्याने तेथे ती चालत नाही. जुना बोल्ट पुन्हा वापरायचा असेल, तर चांगला नट त्याच्यावर टोकापासून शेवटपर्यंत बोटांनी फिरवून पाहावा. मध्येच एका जागी तो जड झाला, तर बोल्ट तेथे ताणला गेला आहे आणि पिच बदलला आहे. असा बोल्ट भोकातले आटेही बिघडवतो, म्हणून तो त्याच वेळी वाकवून भंगारात टाकावा, म्हणजे पुन्हा डब्यात जाणार नाही.

भोकातले आटे केवळ मळलेले असतील, तर नवा टॅप फिरवणे टाळावे; टॅप प्रत्येक वेळी थोडा धातू कापतोच. त्याच मापाच्या चांगल्या बोल्टाला हॅक्सॉने लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडल्या आणि कडा कानसीने साफ केल्या, की आटे न कापता साफ करणारे हत्यार घरीच तयार होते. एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट भरून त्यात आटे पाडणे, आट्यांत तांब्याची तार किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळणे हे उपाय मी जुन्या गाड्यांत पुष्कळ पाहिले आहेत. ते भोक आणखी मोठे करून ठेवतात आणि पुढची खरी दुरुस्ती अवघड करतात.

ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग आणि सीट बेल्टच्या बोल्टांचे आटे गेले असतील, तर मी घरी इन्सर्ट बसवणार नाही. तो भागच बदलीन. स्पार्क प्लगच्या १४ मिमी × १.२५च्या आट्यांची दुरुस्ती घरी करता येते, पण हेड उतरवूनच करावी, कारण टॅपच्या खाचांत कितीही ग्रीस भरले तरी थोडा कीस सिलिंडरमध्ये पडतोच.

दुरुस्त केलेल्या बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत मी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवतो. इंजिन पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर, त्यानंतर शंभर किलोमीटरनंतर आणि पावसाळा संपल्यावर ती रेघ पाहतो. मुलुंडच्या त्या बोल्टावरची रेघ दोन पावसाळ्यांनंतरही सरळ आहे आणि कोपऱ्याखालचा गॅस्केट कोरडा आहे.